एकोणचाळीस गट आणि एक मोकळा मास्तर

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ब्रॅकनशॉ गावात याबद्दल बरेच गैरसमज आहेत आणि त्यांतले निम्मे माझ्या परसाच्या भिंतीपलीकडेच तयार होतात. ती कल्पना माझी नव्हती. मी तिला विरोध केला होता.

मे महिन्यातल्या बैठकीत आमच्या मुख्याध्यापिका मिसेस ऑल्ड्रिज यांनी जाहीर केलं की सप्टेंबरपासून शाळेत वयाप्रमाणे हजेरीच्या तुकड्या राहणार नाहीत. सातवीतलं अकरा वर्षांचं पोर आणि तेरावीतला, म्हणजे आमच्या शाळेच्या शेवटच्या इयत्तेतला, दाढी राखलेला गडी रोज सकाळी वीस मिनिटं एकाच खोलीत, एकाच वर्गशिक्षकापुढे बसतील. मोठे लहानांना सांभाळतील, लहान मोठ्यांना माणसात आणतील आणि शाळेत कुणीही एकटं पडणार नाही. ‘मिश्र गट’ असं त्याचं नाव. व्यायामाचा शिक्षक डग्लस माझ्या कानाशी लागून म्हणाला, “हॉटपॉट आहे रे हा! सगळं एका भांड्यात घालायचं, वर बटाट्याच्या चकत्या लावायच्या आणि तळाशी काय शिजतंय ते कुणी विचारायचं नाही.”

मी पंचवीस वर्षं या शाळेत भूगोल शिकवतो आणि बैठकीत बोलत नाही. बोलणाऱ्याला काम मिळतं हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी राहवलं नाही. भावंडं एका गटात घालणार की वेगवेगळ्या? ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांचं काय? परीक्षेच्या दिवसांत मोठी मुलं नसतील तेव्हा गटात उरणार कोण? मी सलग अकरा मिनिटं बोललो. एकूण चौदा हरकती काढल्या, त्यांतल्या दोन तर बोलता बोलता सुचल्या. खाली बसलो तेव्हा खोलीत शांतता होती. मला वाटलं, जिंकलो.

“क्लाइव्ह,” मिसेस ऑल्ड्रिज हळूच म्हणाल्या, “या विषयाचा तुमच्याइतका खोल विचार इथे कुणीच केलेला नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डग्लसने तर बाकही वाजवला. अशा रीतीने विरोधी पक्षाला मंत्रिपद मिळालं.

घरी आलो तर भिंतीपलीकडे मिसेस वॉड्सवर्थ कपडे वाळत घालत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं आमच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या, त्यामुळे शाळेबद्दल शेवटचा शब्द आपला असं त्या धरून चालतात. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगायला दुसरं कुणी नव्हतं हे खरं. हिलरी, म्हणजे माझी बायको, पाच वर्षांपूर्वी “जरा मोकळी हवा खाऊन येते” म्हणून वेल्समध्ये बहिणीकडे गेली. हवा तिला मानवली असावी.

“तुला कशाला हवीत ही लष्कराच्या भाकऱ्या भाजायची कामं?” मिसेस वॉड्सवर्थ चिमटा तोंडात धरूनच म्हणाल्या. “तू एक कुत्रा पाळ. कुत्र्याला हजेरी लागत नाही.”

“कुत्र्याने आठशे सत्तर मुलांचे गट होणार नाहीत, मिसेस वॉड्सवर्थ.”

“नाही होणार. पण तुझ्याशी बोलेल तरी.”

असल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं. मी दार लावून चहा टाकला.

कामाची पद्धत मी स्वतः शोधली. संगणकावर माझा विश्वास नाही, त्याचाही माझ्यावर नाही. प्रत्येक मुलाच्या नावाचं एक कार्ड केलं: सातवीचं पिवळं, आठवीचं हिरवं, असं करत तेरावीचं पांढरं. आठशे सत्तर कार्डं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मी पुढच्या खोलीत जमिनीवर मांडली. एकोणचाळीस गट, एकोणचाळीस ओळी. सोफा उभा करून भिंतीला लावला, टीव्ही न्हाणीघरात नेला आणि मोजे घालून ओळींमधून सारसासारखा पाय उचलत चालायला शिकलो. तीन आठवडे गेले. क्लफ आणि बार्टन या दोन घराण्यांतली पोरं एका गटात टाकायची नाहीत हे मला मिसेस वॉड्सवर्थनी सांगितलं. त्यांच्या आज्या एका लग्नातल्या केकवरून पन्नास वर्षं बोललेल्या नाहीत. असली माहिती शाळेच्या दप्तरी नसते. मी कृतज्ञतेने लिहून घेतली. तीच चूक झाली. त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या.

ऑगस्टच्या तेवीस तारखेला, सकाळी साडेअकराला, शेवटचं पांढरं कार्ड मी शेवटच्या ओळीत ठेवलं. पाठ सरळ केली. तेवढ्यात मिसेस वॉड्सवर्थ मागच्या दाराने पार्किनची बशी घेऊन आत आल्या. पार्किन म्हणजे आल्याचा काळा केक. त्यांच्या हातचा चांगला होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढचं दार मी हवेसाठी उघडं ठेवलं होतं. मागचं त्यांनी उघडलं. आणि आमच्या डोंगरावरून जो वारा वर्षभर वाहतो तो या दारातून आत आला आणि त्या दारातून बाहेर गेला, जाताना सातवी ते तेरावी सगळ्यांना घेऊन.

मिसेस वॉड्सवर्थ बशी धरून उभ्या होत्या. एक हिरवं कार्ड पार्किनला चिकटलं होतं. त्यांनी ते काढून वाचलं.

“हा बार्टन आहे,” त्या म्हणाल्या. “याला क्लफपासून लांब ठेव.”

समोरच्या कुंपणातून, पोस्टाच्या पेटीमागून, दोन घरं सोडून एका बाबागाडीतून, मी आठशे चौसष्ट कार्डं परत मिळवली. सहा मिळाली नाहीत. सुट्टीचे दहा दिवस उरले होते. खरं सांगतो, अजून मिसेस ऑल्ड्रिजना ठाऊक नाही: नंतरची वाटणी मी पत्ते वाटतात तशी वाटली. एक तुला, एक तुला, एक तुला. फक्त क्लफ आणि बार्टन बघून टाकले. मग सगळी यादी आमच्या माहिती-कचेरीतल्या बेरिलकडे दिली. तिने ती संगणकात भरली आणि मूळ पटाशी ताडून हरवलेली सहा नावंही त्यात घातली.

पालकांना पत्रं जूनमध्येच गेली होती, माझ्या सहीने. उत्तरं आली, माझ्याच नावाने. सातवीच्या एका आईचं म्हणणं होतं की आमचा मुलगा मोठ्यांकडून शिव्या शिकेल. अकरावीच्या एका वडिलांचं म्हणणं होतं की आमचा मुलगा मोठ्या कष्टाने शिव्या सोडतोय, तो लहानांकडून परत शिकेल. चौकशी केली तेव्हा कळलं की ते दोघे मुलगे भाऊच होते. आमचे शिपाई मिस्टर हिबर्ट यांनी निराळीच बाजू मांडली.

“मास्तर, खुर्च्यांचं काय?”

“कसल्या खुर्च्या?”

“खुर्च्या वयावर असतात. सातवीची खुर्ची बुटकी. आता एका खोलीत सात वयं बसवणार. म्हणजे सात मापाच्या खुर्च्या. एकोणचाळीस खोल्या. कोण वाहणार? तुम्ही?”

वाहिल्या मी. हिबर्टनी दार धरलं.

आणि आता ज्याबद्दल बोलायचं मी टाळतोय ते. माझी स्वतःची एक तुकडी होती. दहावीची. सातवीत आली तेव्हापासून चार वर्षं माझ्याकडे. सत्तावीस मुलं. त्यांच्यात विशेष काहीच नव्हतं. सकाळी मी आत गेलो की कुणीतरी म्हणायचं, “सर, टाय वाकडा.” टाय सरळ असला तरी म्हणायचे. रोज. चार वर्षं. नवी रचना म्हणजे ही तुकडी सत्तावीस दिशांना उधळणार, हे माझ्या चौदा हरकतींत नव्हतं. चौदाच्या चौदा हरकती मी खरं तर याच एका गोष्टीसाठी काढल्या होत्या, आणि ही गोष्ट तेवढी बोललो नव्हतो.

जुलैच्या शेवटच्या दिवशी त्यांनी केक आणला होता. मधोमध खचलेला. टॅमसिन नावाच्या मुलीने विचारलं, “सर, आम्हाला वेगवेगळं करायचं हे कुणाच्या डोक्यातून आलं?”

“शाळेचं धोरण आहे,” मी म्हणालो.

“पण पत्रावर तुमची सही आहे.”

मी केक कापला. खचलेल्या केकचे सारखे तुकडे होत नाहीत. काहींना नुसती कड आली. टाय वाकडा असल्याचं त्या दिवशी कुणी बोललं नाही.

निदान नवा गट तरी मिळेल म्हणून मी मनाची समजूत घातली होती. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी मिसेस ऑल्ड्रिजनी मला बोलावलं आणि एक लाकडी फळी, तिला अडकवलेले कागद आणि एक वॉकी-टॉकी हातात दिला.

“गट एकोणचाळीस, शिक्षक चाळीस. योजना तुमची. तेव्हा तुम्ही मोकळं असलं पाहिजे.”

“मोकळं म्हणजे?”

“म्हणजे गट नको. सगळीकडे फिरा. लक्ष ठेवा. तुमच्यासारखा अनुभवी माणूस एका खोलीत अडकवून कसं चालेल?”

हा मान होता. मान मिळाल्याचा चेहरा करून मी बाहेर आलो.

तुम्ही कधी आठशे सत्तर मुलांच्या शाळेत, सगळी दारं बंद असताना, वीस मिनिटं रिकाम्या व्हरांड्यातून फिरला आहात का? दर पाच पावलांवर एक दार. दर दारामागे हसण्याचा आवाज. दाराला उभी काच असते, तीतून दिसतं: कुणी वाढदिवसाची मेणबत्ती विझवतंय, कुणी लहान्याच्या गणिताच्या वहीवर वाकलंय. एका खोलीत माझी टॅमसिन सातवीच्या एका मुलीच्या बुटाची नाडी सोडवत होती. मी काचेतून मान हलवली. तिने पाहिलं नाही. योजना उत्तम चालली होती. एकोणचाळीस खोल्यांत कुणी एकटं नव्हतं. व्हरांड्यात एकटा मी होतो.

वॉकी-टॉकीचं दुसरं टोक हिबर्टकडे होतं.

“सगळं ठीक. ओव्हर,” मी म्हणायचो.

“कशाबद्दल? ओव्हर.”

“एकंदरीत. ओव्हर.”

मग मी पुढच्या दाराकडे वळायचो.

तिसऱ्या सकाळी जिन्यात एक साडेसहा फुटी मुलगा बसलेला सापडला. फर्गस ओ’डाउड, तेरावी.

“गटात का नाहीस?”

“कुठल्याच यादीत नाव नाही, सर. तीन दिवस इथेच बसतोय. बरी आहे पायरी.”

त्याच दिवशी ग्रंथालयामागे नववीतली शोना ओ’हेअर भेटली. तिचंही नाव कुठल्याच यादीत नव्हतं, आणि ते ती मोठमोठ्याने सांगत होती. मग पाण्याच्या नळाजवळ सातवीतला मारियस डी’आम्ब्रोसिओ, दप्तर पोटाशी धरून, एक शब्द न बोलता. शुक्रवारपर्यंत सात झाले. आडनावं एका कागदावर लिहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं. सातही आडनावांत तो वर लोंबणारा स्वल्पविराम होता. संगणकाने तो दिसला की नाव संपलं असं धरलं होतं आणि माणूस टाकून दिला होता. अभ्यासाच्या तासांच्या याद्या जुन्याच होत्या, त्यामुळे नऊ वाजल्यानंतर ही मुलं व्यवस्थित अस्तित्वात होती. फक्त सकाळची वीस मिनिटं ती या जगात नव्हती.

यावर करायचं काय हे अगदी सरळ होतं. बेरिलला फोन करायचा. दहा मिनिटांचं काम.

मी म्हटलं, उद्या करू. तोवर मुलांना उभं कशाला ठेवायचं? माझ्याकडे नकाशांच्या खोलीची किल्ली होती. खोली म्हणजे अडगळच: गुंडाळलेले नकाशे, एक फुटका पृथ्वीगोल आणि एक हीटर. आठ माणसं बसली की गुडघ्याला गुडघे लागायचे. मी खिशातल्या वहीत पेन्सिलने सात नावं लिहिली आणि हजेरी घेतली. “ओ’डाउड?” “हजर, सर.” “ओ’हेअर?” “दिसतेय ना, सर?” पाच आठवड्यांत प्रथमच माझा आवाज कुणीतरी ऐकत होतं.

उद्या आला, गेला. शोनाने दारावर कागद चिकटवला: गट चाळीस. फर्गस किटली घेऊन आला. मारियस नऊ दिवस काही बोलला नाही. दहाव्या दिवशी त्याने कोपऱ्यातल्या नकाशाकडे बोट केलं.

“हा केवढा मोठा देश आहे. कुठे आहे?”

“सोव्हिएत युनियन. आता नाही तो.”

“मग नकाशा का ठेवलाय?”

“सर कुणालाच टाकत नाहीत,” फर्गस म्हणाला, आणि मारियस हसला. बारीकसा, नाकातून. त्या दिवशी मी घरी चालत गेलो. बसने जायचं विसरलो.

दुसऱ्या आठवड्यात बेरिलने माझं काम सोपं करून दिलं. तिनेच फोन केला.

“क्लाइव्ह, माझी बेरीज सातने चुकतेय. कुणी यादीतून राहिलंय का?”

समोर फर्गस बिस्किटं वाटत होता.

“नाही,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की. तूच परत मोज.”

तिने बिचारीने तीन दिवस मोजलं. पंचवीस वर्षांत मी शाळेत एवढं सरळ खोटं बोललो नव्हतो. मी स्वतःला सांगितलं की मुलांची घडी बसतेय, मध्येच मोडायला नको. मुलांच्या नावाने स्वतःला काय काय सांगता येतं याची मला तोवर कल्पना नव्हती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, मंगळवारी, सकाळी आठ पन्नासला घंटा वाजली. आगीचा सराव. सगळी शाळा मैदानावर. प्रत्येक गटापुढे क्रमांकाची काठी, काठीमागे रांग, रांगेपुढे वर्गशिक्षक. पाऊस तिरपा येत होता. एकोणचाळीस काठ्यांमागे एकोणचाळीस रांगा. आणि एकोणचाळिसावीच्या पुढे, गवताच्या कडेला, आम्ही आठ जण. शोनाने कुठूनतरी झाडूचा दांडा आणून त्याला ‘४०’ लावला होता. मी तिला तो खाली कर म्हणालो. तिने आणखी उंच धरला.

मिसेस ऑल्ड्रिज रांगा मोजत आल्या. पाठोपाठ छत्री आणि याद्या घेऊन बेरिल.

“एकोणचाळीस. सगळे हजर,” बेरिल म्हणाली. मग तिने मान वर केली.

“क्लाइव्ह,” मिसेस ऑल्ड्रिज म्हणाल्या, “ही मुलं कुणाची?”

“माझी,” मी म्हणालो.

मैदानावर डग्लस खोकला.

“तुमची म्हणजे?”

मी खिशातून वही काढली. पावसाने पेन्सिल पुसट झाली होती. मिसेस ऑल्ड्रिजनी ती वाचली, पानं उलटली, तारखा पाहिल्या. बेरिलने सात आकडा कुठे गेला ते त्या क्षणी पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“आज खरी आग असती,” मिसेस ऑल्ड्रिज हळू आवाजात म्हणाल्या, “आणि ही सात मुलं आत राहिली असती, तर आम्ही आत्ता ‘सगळे हजर’ म्हणालो असतो. म्हणालोच.”

माझ्याकडे चौदा हरकती असतात. त्या दिवशी एकही नव्हती.

माझ्या फाइलला ताकिदीचं पत्र लागलं. योग्यच लागलं. बेरिलची मी माफी मागितली, ती म्हणाली, “मला वाटलं माझंच डोकं चालेनासं झालं, क्लाइव्ह. मी डॉक्टरकडे जाऊन आले.” याहून वाईट तिला काही बोलता आलं नसतं. संगणकातलं ते चिन्ह दहा मिनिटांत दुरुस्त झालं. सातही मुलांना गट मिळाले.

गुरुवारी नकाशांच्या खोलीत मी त्यांना खोल्यांचे क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या दिल्या. शोनाने चिठ्ठी घेतली नाही.

“तुम्ही म्हणालात आम्ही खरा गट आहोत.”

“मी चुकलो.”

“म्हणजे चार आठवडे तुम्ही आम्हाला लपवलं? आम्हाला कुणी शोधत होतं आणि तुम्ही सांगितलंच नाही?”

“हो.”

“कशाला, सर?”

खोलीत किटलीचा आवाज होत होता. उत्तर सोपं होतं, चौदा वर्षांच्या मुलीपुढे मोठ्याने म्हणायला अवघड. ते तिला न म्हणताच कळलं असावं, कारण तिचा चेहरा बदलला आणि तिने चिठ्ठी घेतली. फर्गसने माझा हात हातात घेऊन हलवला, मोठी माणसं स्मशानात हलवतात तसा. मारियसने चिठ्ठी वाचली.

“दोनशे चार वरच्या मजल्यावर ना?” त्याने विचारलं. आणि गेला. वळून पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात मी दोनशे चारच्या काचेतून पाहिलं, तर तो टेबलावर हात आपटून काहीतरी सांगत होता आणि पाच-सहा जण ऐकत होते. मी फळीवरच्या कागदावर त्या खोलीपुढे बरोबरची खूण केली.

मिसेस वॉड्सवर्थना हे सगळं माझ्याआधी कळलं होतं. भिंतीवरून त्यांनी पार्किन दिला. सल्ला एकही दिला नाही. तेव्हा मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

नोव्हेंबर, डिसेंबर मी फिरत राहिलो. जानेवारीत मिस जॉलिफ बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि गट बत्तीसला शिक्षक उरला नाही. आपल्या गटाबरोबर तोही सांभाळायला डग्लसने नाही म्हटलं, आणखी दोघांनी नाही म्हटलं, मग मिसेस ऑल्ड्रिजनी मला विचारलं. मोकळा मीच होतो.

सोमवारी टाय सरळ करून गट बत्तीसमध्ये शिरलो. बावीस मुलं, सात वयं, चार महिन्यांची जुनी वस्ती. त्यांचे आपसातले विनोद होते, ते मला कळले नाहीत. मी खुर्चीवर बसलो तर अकरावीतला एक मुलगा नम्रपणे म्हणाला, “सर, ती मिसची खुर्ची आहे.” मी उठलो. सगळ्या खोलीत एकच खुर्ची रिकामी होती, सातवीच्या मापाची. ती मीच वाहून आणली असणार. तिच्यावर बसलो तेव्हा माझे गुडघे हनुवटीपर्यंत आले. कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

तेवढ्यात एक चष्मेवाली मुलगी कागद आणि पेन घेऊन समोर येऊन उभी राहिली.

“मी नेल एंटविसल. सातवी. या आठवड्यात मी तुमची सोबती.”

“माझी काय?”

“आमच्या गटात कुणी नवीन आलं की त्याला एक आठवडा सोबती मिळतो. मिसने नियम केलाय. पाळी माझी आहे.” तिने पेनचं टोपण काढलं. “शाळेत किती दिवस झाले?”

“पंचवीस वर्षं.”

तिने ते लिहिलं. “शौचालय कुठे आहे माहीत आहे?”

“माहीत आहे.”

“जेवता कुठे?”

“भूगोलाच्या खोलीत. डबा आणतो.”

“कुणाबरोबर?”

“सँडविचबरोबर,” मी म्हणालो. विनोद बरा होता. तिने मान वर केली नाही.

“कुणाबरोबर, सर?”

“कुणाबरोबर नाही. ते लिहिलंच पाहिजे का?”

“रकाना आहे,” ती म्हणाली आणि लिहिलं.

बारा वीसला ती भूगोलाच्या खोलीच्या दारात हजर झाली. मी म्हटलं, माझ्याकडे वह्यांचा ढीग आहे. ती म्हणाली, आठवडाभर न्यावंच लागतं, नाहीतर कागदावर तिचंच नाव खराब होतं. मी सँडविच उचललं. तिने मला जेवणघराची वाट दाखवली, जी मी तिचा जन्म होण्याआधीपासून ओळखतो. वाटेत अकरावीचे लोक ज्या दाराने घुसतात त्या दारापासून लांब राहायला सांगितलं. वाढणाऱ्या दोन बायकांपैकी डावीकडची बटाटे जास्त देते हे सांगितलं. “तुम्ही डबा आणलाय, तरी बटाटे घ्या,” ती म्हणाली. मी घेतले.

खिडकीजवळच्या लांब बाकावर गट बत्तीसची पाच-सहा मुलं बसली होती. कुणाचातरी हॅमस्टर मेला होता आणि त्याला पुरायचं की जाळायचं यावर कडाक्याचा वाद चालला होता. नेल बसली. मी तिच्या शेजारी कडेला बसलो. माझ्याशी कुणी काही बोललं नाही, मला कुणी काही विचारलं नाही. खोका लाकडी हवा की पुठ्ठ्याचा यावर ते एकमेकांवर ओरडत होते. मी बटाटा खाल्ला. डावीकडच्या बाईंनी खरंच जास्त दिले होते.

मग ताट घेऊन आणखी एक मुलगा आला, बारावीतला, आडदांड. त्याने बाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“सर, जरा सरका ना.”

मी सरकलो.